ती वाळा

मार्चअखेर माल उतरला की द्राक्षबाग एकदम ओकीबोकी दिसायला लागते. घड गेलेले, पानं पिवळी पडून कडक झालेली, मांडवाच्या तारा उघड्या. मग एप्रिलची खरड छाटणी येते. तिच्या आधी बोदाच्या कडेनं चारी काढायची, शेणखत भरायचं, माती परत ओढून घ्यायची. तासगाव भागातल्या कुठल्याही बागायतदाराला हे काम झोपेत विचारलं तरी सांगता येईल. माझं आजोळ मणेराजुरीच्या बाजूचं. सुट्टीत मी आजीच्या मागेमागे त्या चारीतून चालत असे. वरची माती पायाला चटका देणारी, पण ठिबकच्या नळीखाली वीतभर उकरलं की गार, काळसर, मुठीत धरली तर मूठ सोडेना अशी. त्या गार मातीचं एक ढेकूळ फुटलं आणि आतून काळ्या दोऱ्याचा एक तुकडा निसटून पडला. पडल्यावर तो चालायला लागला.

मी दगड उचलला. त्याआधी मी असे दोन मारले होते, न्हाणीत, आणि दोन्ही वेळा मला शाबासकी मिळाली होती. आजीनं हातातलं खोरं खाली ठेवलं.

"अगं, टाक त्यो दगुड. वाळा हाय त्यो. त्येनं कुनाचं काय घेतलंय?"

तिनं मातीसकट तो तळहातावर घेतला. उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडा जाड, तिच्या मधल्या बोटापेक्षा थोडा लांब. बोटांच्या फटींतून तो खाली जायचा, ती दुसरा हात धरायची, तो पुन्हा फट शोधायचा. मी विचारलं, तोंड कुठलं? आजी म्हणाली, "जिकडं चालतंय तिकडं तोंड."

त्या उत्तरात मला आजही काही कमी दिसत नाही. वाळ्याचं अंग दोन्ही टोकांना सारखंच बोथट, मान म्हणून काही वेगळी नाही. अंगाला चकाकी अशी, की नुकतंच तेल लावून पुसून ठेवल्यासारखं वाटावं. इतर सापांच्या पोटाखाली आडव्या रुंद खवल्यांची शिडी असते, तिच्यावर जोर देऊन ते सरकतात. वाळ्याला पाठ आणि पोट यांत फरकच नाही. सगळ्या अंगाभोवती बारीक, गुळगुळीत, एकाच मापाच्या खवल्यांच्या वीस रांगा. माती त्या अंगाला चिकटत नाही. चिखलातून बाहेर आलेला वाळाही कोरा करकरीत दिसतो.

डोळे आहेत, पण खवल्याच्या आड. भिंगातून पाहिलं तर डोक्याच्या दोन बाजूंना पारदर्शक खवल्याखाली दोन काळे ठिपके दिसतात. त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं, आणि तेवढ्यावर त्याचं भागतं, कारण उजेड म्हणजे चुकीच्या जागी आलो, एवढीच बातमी त्याला हवी असते. आपण त्याला आंधळा साप म्हणतो. मातीच्या आतल्या अंधारात डोळसपण म्हणजे काय, हा प्रश्न त्याच्या बाजूनंही विचारून पाहायला हवा. तिथं जिभेचा उपयोग. ती बारीक दुभंगलेली जीभ सतत बाहेर येते आणि वास आत नेते.

शेपटीच्या टोकाला एक बारीक काटा असतो. त्याचा फार बोभाटा झाला आहे. वाळा हातात धरला की तो शेपूट तळव्याला रुतवतो, आणि धरणारा किंचाळतो, डंख मारला म्हणून. मातीत पुढे सरकताना मागचं टोक कुठंतरी रोवावं लागतं, त्यासाठी तो काटा आहे. तळहातालाही तो मातीच समजतो. डंख नाही तो, टेका आहे. विष नाही. तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला, इतकं लहान की माणसाच्या कातडीचा चिमटाही त्यात मावायचा नाही. फारच घाबरला तर अंगातून एक घाण वास सोडतो. त्याच्याजवळ असलेलं सगळं शस्त्र ते एवढंच.

वाळा हे नाव मराठीनं तिघांना दिलं आहे. एक, तान्ह्या पोराच्या पायातला चांदीचा वाळा. दुसरा, उन्हाळ्यात माठातल्या पाण्यात सोडतात ती सुगंधी मुळी. आणि हा तिसरा. मला तर हे तिन्ही वाळे एका घरातले वाटतात. मुळीसारखा तो बारीक आणि ओलसर जागेतला, आणि हाताळला की अंगाची वळी करून बसतो तेव्हा तान्ह्याच्या पायात घालावा असा दिसतो. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्यानं याला दगड मारलेला नसणार. भीती वाटणाऱ्या गोष्टीला माणूस बाळाच्या दागिन्याचं नाव देत नाही.

पण नाव विसरलं की भीती परत येते. मृगाचा पाऊस पडला, जमिनीतली भोकं पाण्यानं भरली, की वाळा वर येतो. न्हाणीत, मोरीच्या जाळीतून, धुणं धुवायच्या दगडाखालून. आणि घरात एकच हाकाटी होते, नागाचं पिल्लू. नागाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हाच वीतभराहून लांब असतं, आणि फणाही काढतं. पूर्ण वाढलेला वाळा बहुधा त्या पिल्लापेक्षाही लहान. गांडूळ म्हणावं तर गांडुळाच्या अंगाला कडी असतात, ते ओलं असतं, आखडून लांब होत पुढे जातं आणि त्याला जीभ नसते. वाळा कोरडा, चकचकीत, आणि खऱ्या सापासारखा नागमोडी पळतो. एवढ्या खुणा पुरेशा आहेत. चंचुवाळा म्हणून त्याचा एक थोराड भाऊबंद आहे, तो दीड-दोन फुटांपर्यंत वाढतो, पण तोही तितकाच गरीब.

आमच्या घरी आणखी एक गोष्ट सांगत. वाळा झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो. पावसाळ्यात मी कितीतरी रात्री कानात कापसाचे बोळे घालून झोपले आहे. पुढं कळलं की ही समजूत आमच्यापुरती नाही, तामिळनाडूत तर त्याला कानातला साप अशा अर्थाचंच नाव आहे. कानाची वाट पडद्यापाशी बंद होते, तिथं ना माती ना मुंगी. वाळ्याला हवी असते ओल आणि अंधार, आणि पोटाला काहीतरी. तो घरात येतो तो वाट चुकून, आणि जितक्या लवकर बाहेर पडता येईल तितकं त्याला बरं.

सापांच्या बाबतीत आमचा सांगली जिल्हा मानाचा. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. जिवंत नागांच्या मिरवणुका न्यायालयाच्या आदेशानंतर थांबल्या, पण नागाचा मान तसाच राहिला. दुसऱ्या टोकाला मांडूळ. त्याच्या दोन तोंडांच्या आणि गुप्तधनाच्या भाकडकथांपायी लोक त्याला पोत्यात भरून विकायला निघतात आणि पकडले जातात. एकाला पूजेनं जाच, दुसऱ्याला हावेनं. वाळ्याच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. त्याच्या वाट्याला आली चप्पल.

तो करतो काय, हे मी फार उशिरा वाचलं. तो मुंग्यांच्या वारुळात राहतो म्हटलं तरी चालेल. मुंग्यांची अंडी, अळ्या, कोष आणि वाळवी, हा त्याचा चारी ठाव आहार. या सापांना दात फक्त वरच्या जबड्यात असतात, खालचा जबडा बोळका. वरचे दात दाताळ्यासारखे भराभर पुढेमागे फिरतात आणि अळ्या आत ओढल्या जातात. हे सगळं अगदी झटपट चालतं, कारण दुसऱ्याच्या घरात शिरून जेवायचं म्हणजे घरधनी अंगावर यायच्या आत ताट रिकामं करावं लागतं. २०१५ साली ताकाफुमी मिझुनो आणि योसुके कोजिमा या जपानी अभ्यासकांनी दाखवून दिलं की वाळवी खाताना हा इवला साप पुष्कळदा तिचं डोकं जमिनीवर घासून तोडतो आणि धड तेवढं गिळतो. वाळवीचं डोकं पचायला जड असतं. सोयाबीनच्या शेंगा सोलून दाणे काढावेत, तशी ती निवड.

आता द्राक्षवाल्याला मुंगी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मिलीबग घडात शिरला की मालाचा चिकटा होतो, बाजारात कुणी हात लावत नाही. त्या मिलीबगच्या अंगातून गोड रस पाझरतो, तो खायला मुंग्या त्याला जपतात, त्याच्यावर टपलेल्या किड्यांना हुसकतात. म्हणून बागायतदार खोडाला चिकटपट्ट्या लावतात, मुंग्यांची वारुळं शोधतात. त्याच वारुळाच्या पोटात, कुणी न बोलावता, हा दोऱ्याएवढा प्राणी मुंग्यांची पुढची पिढी खात बसलेला असतो. वर मांडवात फवारणीचा खर्च हजारांत चाललेला असतो. खाली बोदात वाळ्याला कुणी मजुरी देत नाही, आणि जमिनीत मुरलेलं जहाल औषध त्याच्याही अंगाला लागतं.

त्यालाही खाणारे आहेत. कोंबड्या उकिरड्यात त्याला गांडुळासारखा ओढतात. मण्यारीच्या पिल्लांचा तर तो हक्काचा खाऊ. पण एका पक्ष्याची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये तिथलं एक छोटं घुबड तिथल्या वाळ्यांना चोचीत धरून पिल्लांसाठी घरट्यात आणतं, आणि त्यांतले कितीतरी जिवंतच राहून घरट्याच्या तळच्या केरात शिरतात. तिथल्या अळ्या खातात. १९८७ साली छापलेल्या एका अभ्यासात आढळलं, की ज्या घरट्यांत असे जिवंत वाळे राहतात तिथली पिल्लं जास्त चांगली वाढतात. आजीला हे सांगता आलं असतं तर ती म्हणाली असती, मग, मी काय सांगत होते?

इथपर्यंत मी 'तो' म्हणत आले. मराठीत वाळा पुल्लिंगी, त्याला इलाज नाही. पण खरं सांगायचं तर या जातीत 'तो' नाहीच.

या सापाचं पहिलं चित्र छापून आलं ते विशाखापट्टणमच्या सापाचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला पॅट्रिक रसेल नावाचा स्कॉटिश डॉक्टर कोरोमंडल किनाऱ्यावरचे साप गोळा करत होता. १७९६ च्या त्याच्या ग्रंथात या सापाचं तेलुगू नाव आहे, दोन डोक्यांचा साप अशा अर्थाचं. तासगावात परशुरामभाऊ पटवर्धनांनी आरंभलेलं गणपतीचं देऊळ तेव्हा पुरं होत आलं होतं, त्याचं ते दाक्षिणात्य गोपुर आभाळात चढत होतं. त्याच्या पायातल्या मातीतही हे दोन डोक्यांचे साप असणारच. १८०३ मध्ये फ्रान्समधल्या दोदँनं रसेलच्या त्या चित्र-वर्णनावरून त्याला शास्त्रीय नाव दिलं, आजचं इंडोटिफ्लॉप्स ब्रामिनस हे त्यातूनच आलं. मग पावणेदोनशे वर्षं लोक हा साप काचेच्या बरण्यांत भरत राहिले. आणि बरण्या उघडून पाहणाऱ्यांच्या हळूहळू लक्षात यायला लागलं की यांत नर सापडतच नाही. १९८० साली रोनाल्ड नसबॉम यांनी सेशेल्स बेटांवरच्या वाळ्यांवर लिहिलं तेव्हा याची आणखी साक्ष जमा झाली. १९८७ साली पेशी तपासल्या गेल्या, तर सर्वसाधारण प्राण्यांत गुणसूत्रांच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची, तिथं हिच्यात तीन निघाल्या.

सगळ्या माद्या. तांदळाच्या लांबट दाण्यासारखी चार-दोन अंडी घालतात, कुणी न शिवता. त्यांतून निघतात त्या लेकी, आईची हुबेहूब प्रत. त्याही मोठ्या होऊन तेच करतात. शास्त्राच्या पुस्तकात याला अनिषेकजनन म्हणतात. अजगरासारख्या काही सापांत एखादी मादी कधीतरी नराविना पिल्लं देते, पण जगातल्या चार हजारांवर सापांच्या जातींत सदासर्वकाळ याच रीतीनं चालणारी ही एकटीच आपल्याला ठाऊक आहे.

हे वाचलं त्या दिवशी मी आजोळच्या बागेत होते, आणि मला समोरची बाग वेगळी दिसायला लागली. हा मांडव तास-ए-गणेशचा. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडून वाढवलेली ही जात, तिच्या नावात तासगावही आहे आणि तासगावचा गणपतीही. तिच्या मण्यात बी नाही. बी नाही म्हणजे पेरून वंश वाढवायचा प्रश्नच नाही. एका वेलीची काडी काढायची, डॉगरीजच्या खुंटावर कलम भरायचं, की नवा वेल. त्याची काडी दुसऱ्या बागेत, त्या बागेची तिसऱ्या. म्हणजे तालुक्यात पसरलेले हे सगळे वेल मुळात एकच वेल. एकाच आईच्या प्रती, ओळीनं उभ्या. आणि बांधावरची केळ? तिच्यात तर वाळ्यासारख्याच गुणसूत्रांच्या तीन प्रती, म्हणून तिच्या फळात बी धरत नाही आणि तीही मुनव्यांवर पिढ्या काढते. द्राक्षाचं आणि केळीचं हे माणसानं घडवून आणलं, कात्री आणि कुदळ हातात घेऊन. बोदातली ही बाई मात्र माणसाच्या हाताविना आपली आपणच कलम भरत आली आहे.

म्हणून मी तिला 'ती' म्हणायला लागले. ती वाळा. कानाला खटकतं. खटकू दे.

अशा बाईला प्रवासाला सोबत लागत नाही. आमच्या तासगाव, खानापूर, आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यानं काश्मीरपासून केरळपर्यंत पसरली. ती पहिल्यांदा गेली ती एकेकटी, आणि हात बसल्यावर गावाकडून भाऊ, पुतणे, मग घरच्या बाया नेल्या. वाळ्याचं बिऱ्हाड याहून सोपं. कुंडीतल्या मातीत एक मादी असली की पुरे, पुढचं गाव तिथंच वसतं. हवाई बेटांवर जमिनीवरचा साप नव्हता. १९३० च्या सुमारास होनोलुलूच्या एका शाळेच्या आवारात लावायला फिलिपाइन्सहून झाडं आली आणि त्यांच्या मुळांच्या मातीतून ती उतरली. १९७० च्या दशकात ती फ्लोरिडात दिसली. आफ्रिका, मेक्सिको, ऑस्ट्रेलिया, जपानची दक्षिणेची बेटं, अंटार्क्टिका सोडला तर असा खंड उरला नाही जिथं ती पोचली नाही. इंग्रजीत तिला कुंडीतला साप असंच म्हणतात. एवढा मुलूख जमिनीवरच्या दुसऱ्या कुठल्याच सापानं पालथा घातलेला नाही, नागानं नाही, अजगरानं नाही. आणि तिनं तर कुठं जायचं ठरवलंच नव्हतं. माणसानं झाड उचललं, झाडानं माती धरली, मातीनं तिला धरलं.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या जूनमध्ये मी तासगावात आईकडे होते. रोहिण्या कोरड्या गेल्या होत्या, मृगानं मात्र पहिल्याच रात्री झोडपलं. सकाळी न्हाणीत गेले तर मोरीच्या कडेला, भिंतीला अंग लावून, ती. ओल्या फरशीवर तिला पकड मिळत नव्हती, शेपटीचा काटा रोवायला जागा नव्हती, नुसतीच जागच्या जागी वळवळत होती. शेजारची मुलगी दारात उभी होती, चप्पल हातात घेऊन. मी तिला थांबवलं आणि केराच्या सुपलीवर कागद ठेवून वाळ्याला त्यावर घेतलं. त्या मुलीनं विचारलं, हिचं तोंड कुठलं? मी आजीचं उत्तर दिलं.

अंगणात जाईच्या कुंडीत सुपली तिरकी केली. मातीला टेकल्या टेकल्या तिचा सगळा गोंधळ संपला. जीभ दोनदा आतबाहेर झाली, डोकं एका फटीत गेलं आणि पाठोपाठ अंग, कुणी आतून दोरा ओढून घ्यावा तसं. सगळ्यात शेवटी तो काटा दिसला. मुलीनं वाकून विचारलं, परत येईल का?

दुपारी धाकटी बहीण पुण्याला परत निघाली. तिला गॅलरीत लावायला जाई हवी होती. गाडीत कुंडी मावेना, तेव्हा ती म्हणाली, रोप तेवढं उपटून ओल्या फडक्यात गुंडाळून नेते. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"तसं नको नेऊस. मातीसकट ने, न्हाईतर जगायची न्हाई."

मागच्या सीटवरची पिशवी काढून आम्ही जागा केली, आणि कुंडी मी उचलून आत ठेवली.